वस्तीतला राडा होण्याआधी थांबवायचा असेल तर: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

कोयता निघतो त्याच्या चार-आठ दिवस आधीच सगळं सुरू झालेलं असतं. कुणीतरी कुणाच्या स्टेटसला उत्तर देतं, मग कट्ट्यावर ठसन होते, मग एखाद्याची गाडी पाडतात नाहीतर फोटोवर शिव्या टाकून ग्रुपवर फिरवतात, आणि हे सगळं किमान पाच-सहा जणांना माहीत असतं. टपरीवाल्याला माहीत असतं, पोराच्या बहिणीला माहीत असतं, ज्याच्याकडे 'सामान' म्हणजे हत्यार ठेवायला दिलंय त्या मित्राला तर असतंच असतं. पण सांगायचं कुणाला? पोलिसांना सांगावं तर आपलाच भाऊ आत जाणार, आईला सांगावं तर ती घाबरून चार घरी बोलणार, मंडळाच्या अध्यक्षाला सांगावं तर तो एका बाजूचा. म्हणून कुणीच बोलत नाही आणि मग रात्री साडेअकराला आरडाओरडा ऐकू येतो.

आपलं काम हेच, की या पाच-सहा जणांपैकी एकाला तरी वेळेत फोन करावासा वाटेल असं कुणीतरी वस्तीत पाहिजे. शिबिरं, भाषणं, रॅली सगळं त्याच्यानंतर. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये पोरांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करते. २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोजचा झाला, तेव्हापासून बरीच नवी मुलंमुली विचारतात की ताई आम्हाला आमच्या एरियात काहीतरी करायचंय पण नक्की काय करू, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पायरी १: पहिला महिना नुसतं फिरा

लगेच बैठक लावू नका, बॅनर तर अजिबात नको. पहिला महिना वेगवेगळ्या वेळी वस्तीत फिरा, त्यातही रात्री दहा ते एक ही वेळ बघाच कारण दिवसा दिसणारी वस्ती आणि रात्रीची वस्ती यात फार फरक असतो. आशाताई, अंगणवाडीताई, रिक्षा स्टँडवरचे काका, चायनीजची गाडी लावणारा, पाण्याच्या टँकरवाला, सार्वजनिक शौचालय साफ करणारे दादा, यांच्याशी ओळख करा. आशाताईला कुठल्या घरात काय चाललंय हे जेवढं माहीत असतं तेवढं नगरसेवकाला पण नसतं. वहीत जागा आणि वेळ लिहा, पोरांची नावं लिहू नका. ती वही उद्या कुणाच्याही हाताला लागू शकते आणि तुमच्या अक्षरातलं एखाद्याचं नाव त्याला अडचणीत आणू शकतं.

महिन्याभरात एक पॅटर्न दिसायला लागतो. ठराविक दोन-तीन जागा असतात, एखादी बंद दिव्याची गल्ली, एखादा पडीक प्लॉट जिथे पोरं प्यायला बसतात, देशी दारूच्या दुकानाबाहेरचा कोपरा. पगाराचा आठवडा, कुणाचा तरी वाढदिवस, गणपतीची वर्गणी, दहीहंडी, नवरात्र, जयंतीची मिरवणूक, या तारखा असतात. दिवा आणि पडीक प्लॉट ही कामं सोप्यातली, म्हणून ती आधी करून टाका. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी परत जा. याला फालतू समजू नका हां, अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये मोकळे उकिरडे साफ करून तिथे गवत-झाडं लावली तर गरीब भागात आजूबाजूचा गोळीबार कमी झाला असं अभ्यासात दिसलेलं आहे. आपल्याकडे तर दिवा लागला की निदान क्लासवरून येणाऱ्या मुली दुवा देतात आणि त्यांच्या आया तुम्हाला ओळखायला लागतात, पुढच्या कामाला तीच ओळख लागते. दारूच्या दुकानाचा त्रास फारच असेल तर 'आडवी बाटली'च्या, म्हणजे दुकान बंद करायचं की नाही यावरच्या, मतदानाचा रस्ता आहे. बचत गटाच्या बायका उभ्या राहिल्या तरच ते होतं, आणि तो लांबचा पल्ला आहे. सुरुवातीलाच त्यात अडकू नका.

पायरी २: चार माणसं शोधा, चाळीस नको

शिकागोमध्ये डॉ. गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगतज्ज्ञाने २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क या भागात एक काम सुरू केलं होतं, आधी सीझफायर आणि आता क्युअर व्हायोलन्स म्हणून ओळखतात. हा माणूस आफ्रिकेत टीबी आणि कॉलऱ्यावर काम करून आलेला. त्याचं म्हणणं असं की हिंसा पण साथीसारखीच पसरते, एक मार खाल्लेला माणूस दुसऱ्याला मारतो, त्याचे मित्र तिसऱ्याला, म्हणून साथीत करतो तसं पसरण्याच्या जागी जाऊन अडवायचं. आणि अडवायला त्यांनी त्याच गल्लीतली, आधी गँगमध्ये राहून बाहेर पडलेली माणसं घेतली, कारण पोरं ऐकतात ती त्यांचंच. सगळ्या शहरांत त्याला सारखं यश आलं असं नाही, काही ठिकाणी फरक पडला, काही ठिकाणी नाही. पण माणसं कशी निवडायची हे त्यातून नक्की शिकण्यासारखं आहे.

आपल्या वस्तीत असा एक दादा असतोच, जो पंचविशीत आत जाऊन आला, आता रिक्षा चालवतो किंवा टेम्पो आहे, पोरगी शाळेत जाते, आणि पोरं त्याच्यासमोर सिगारेट लपवतात. तो तुमचा पहिला माणूस. मात्र तो खरंच बाहेर पडलाय का हे त्याच्या बायकोकडून किंवा आईकडून समजून घ्या, त्याच्या शब्दावर राहू नका. दुसरी, अशी बाई जिच्याकडे वस्तीतल्या आया मन मोकळं करतात. तिसरं कुणीतरी ज्याला कागदपत्रं, फॉर्म, ऑफिसं कळतात. चौथं म्हणजे विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी, इन्स्टावर काय चाललंय ते ज्याला दिसतं, कारण आजकाल निम्मी खुन्नस तिथेच तयार होते. निवडणूक लढवायची तयारी करणारा माणूस टीममध्ये घेऊ नका, कितीही चांगला असला तरी.

वस्तीत दोन समाज असतील तर टीम दोन्हींची पाहिजे, यात तडजोड नाही. भिवंडीचं उदाहरण जुनं आहे पण अजून लागू आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांची साधी माणसं घेऊन मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यात पुढारी कमी, यंत्रमागवाले, दुकानदार, रोजच्या उठाबशीतले लोक जास्त. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. लक्षात घेण्यासारखं हे की कमिट्या दंगलीच्या चार वर्षं आधी बांधल्या होत्या, त्या रात्री नाही.

पायरी ३: चौकीशी ओळख, पण अटी ठरवून

पोलिसांशिवाय हे काम होत नाही आणि नुसत्या पोलिसांनी पण होत नाही. काही घडायच्या आधीच पीआय साहेबांना आणि बीटच्या अंमलदारांना भेटून या. सरळ सांगा की आम्ही खबरी नाही, कोण कुठे बसतो हे आम्ही सांगणार नाही, पण कुणाच्या जिवावर बेतणार असेल, हत्यार बाहेर निघालं असेल तर आम्ही तिथल्या तिथे ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन करणार. हीच गोष्ट पोरांना पण सांगा, याच शब्दात, पहिल्याच दिवशी. दोन्हीकडे एकच बोललात तर दोन्हीकडे विश्वास बसतो. एकदा का वस्तीत पसरलं की ताई पोलिसांना नावं देतात, की तुमचा फोन वाजणं बंद, आणि मग तुम्ही कितीही मेळावे घ्या.

चॅप्टर केस, तडीपारी हे शब्द समजून घ्या, कारण घरचे लोक तुम्हालाच विचारणार. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखीन असं बंधपत्र लिहून घेणं, ती काही शिक्षा नाही. तडीपारी म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला ठराविक हद्दीबाहेर काढणं. आणि वस्तीत अजून सगळे 'तीनशेसात लागला' असंच म्हणतात, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ झालंय, कागद वाचताना गोंधळू नका.

पायरी ४: मॅटर (म्हणजे पोरांमधलं भांडण) कळला, आता काय

सगळ्यात महत्त्वाचं हे आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन आला की पहिले दोन प्रश्न, हत्यार आहे का आणि आत्ता लगेच काही होणार आहे का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर ११२, विचार करत बसू नका, स्वतः मध्ये उभं राहायला जाऊ नका. हत्यारासमोर उभं राहणं हे आपलं काम नाही.

वेळ असेल तर दोन्ही पोरांना वेगवेगळं गाठायचं. एकत्र बसवून मिटवू असं म्हणणारे बरेच भेटतील, पहिल्याच दिवशी ते करू नका. आणि मित्रांसमोर तर कधीच बोलू नका, कारण मित्रांसमोर पोरगा तुमच्याशी बोलतच नसतो, तो मित्रांशी बोलत असतो. सकाळी गाठा, खाल्लेलं असताना गाठा, शक्यतो वस्तीच्या बाहेर एखाद्या चहाच्या दुकानात.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सतरा वर्षांचा पोरगा, त्याच्या बहिणीचं नाव घालून पलीकडच्या गल्लीतल्या एकाने रील टाकलं होतं. याने उत्तर म्हणून स्टेटस ठेवलं, 'शनिवारी बघू'. आमच्या टेम्पोवाल्या दादाने त्याला शुक्रवारी सकाळी पोहे खायला नेलं. पहिला अर्धा तास दादा मॅटरबद्दल बोललाच नाही, गाडीचं क्लच, मॅच, असलंच काहीतरी. मग पोरगाच म्हणाला, दादा तुला कळलंच असेल. दादा म्हणाला, कळलं, तू बरोबर चिडलास, माझी बहीण असती तर मी पण चिडलो असतो. हे वाक्य फार कामाचं आहे, कारण तोपर्यंत सगळे त्याला तू चुकतोय एवढंच सांगत होते. मग दादाने विचारलं, शनिवारी नाही गेलास तर काय होईल? पोरगा बराच वेळ प्लेटकडे बघत बसला आणि म्हणाला, पोरं फट्टू म्हणतील. म्हणजे त्याला मारायला जायचंच नव्हतं, न जायला कारण पाहिजे होतं. दादाने ते दिलं, म्हणाला ग्रुपवर सांग की दादाने मध्ये पडून थांबवलंय, माझं नाव घे, शिव्या मला पडू दे. तिकडे आमच्या एका ताईने रील टाकणाऱ्याच्या आईला भेटून रील काढायला लावलं. पोरगा त्याच संध्याकाळी मामाकडे सासवडला गेला आणि दहा दिवसांनी आला. एकत्र बसवलं ते त्याच्यानंतर, दोन्ही आयांसकट, आणि तेव्हा ती दोघं मान खाली घालून बसली होती.

इज्जत राखून मागे फिरायची वाट करून देणं, बहुतेक वेळा प्रश्न एवढाच असतो. नातेवाइकाकडे आठ-दहा दिवस पाठवणं हा फार साधा उपाय आहे आणि फार चालतो, एसटीच्या तिकिटाला पैसे नसतील तर टीमने काढायचे.

पण काय मिटवायचं नाही हे पण तेवढंच पक्कं डोक्यात ठेवा. नवरा बायकोला मारतोय, हा दोन पोरांचा मॅटर नाही. तिथे 'दोघांना बसवून समजूत' काढायला गेलात तर दार लागल्यावर तिला दुप्पट मार पडतो. तिला एकटीला भेटा, १८१ हेल्पलाइन आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, आणि पोलीस स्टेशनमध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असेल तर तिथल्या सोशल वर्कर मदत करतात, हे कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये सुरू केले आणि मग राज्यभर गेले. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुमच्यावर पण. आणि जातीवरून मारहाण, शिवीगाळ, बहिष्कार झाला असेल तर 'गावात राहायचंय, मिटवून टाका' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला बसू नका, ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवायला त्या कुटुंबासोबत जा. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी समित्या आणल्या, बांधाचे, भावकीचे कितीतरी वाद कोर्टात न जाता मिटले, चांगलंच झालं. पण ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच गप्प बसवून आलेली शांतता मला शांतता वाटत नाही.

पायरी ५: वार झालाच तर

ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन. घावावर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरायचा, सोडून सारखं बघायचं नाही, आणि हत्यार आत रुतलेलं असेल तर ते ओढून काढायचं नाही. 'पोलीस केस आहे, आधी कागद आणा' असं कुठे ऐकायला मिळालं तर ठामपणे सांगा की सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात आधी उपचार मग कागद असं स्पष्ट केलंय.

मग तुमचा एक माणूस आत आईजवळ आणि दुसरा बाहेर. बाहेरचा जास्त महत्त्वाचा. कॅज्युअल्टीच्या गेटबाहेर दहा-बारा पोरं गाड्यांवर बसलेली असतात, कुणी रडतंय, कुणी फोनवर बोलतंय, आणि वचपा काढायचं ठरतं ते इथेच, पहिल्या काही तासांत. दादा तिथेच थांबला पाहिजे. भाषण नको, त्यांना कामाला लावायचं, तू रक्ताच्या पिशवीची चौकशी कर, तू घरून चादर आण, तू लहान भावाला शाळेत सोड उद्या. हाताला काम लागलं की पहाटेपर्यंत डोकं जरा थंड होतं. अफवा पण इथूनच सुटतात. वारला, वारला म्हणून मेसेज फिरतो आणि तिकडे दुसऱ्या गल्लीत दगडफेक सुरू होते, म्हणून डॉक्टर जे म्हणतील तेवढंच दोन्ही गल्ल्यांत एकाच माणसाने सांगायचं.

वार करणारा अठराच्या आतला असेल तर त्याच्या आईला पण कुणीतरी पाहिजे, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण मी यावर ठाम आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य असतात. सोळा ते अठरा वय आणि अत्यंत गंभीर गुन्हा असेल तर आधी मंडळ प्राथमिक चाचपणी करतं आणि मग प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००, मुलांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. जखमीच्या घरच्यांनी पण नुकसानभरपाईसाठी तिथेच विचारायचं. आणि त्या पोराचा फोटो, नाव ग्रुपवर फिरवायचं नाही, कायद्याने तो गुन्हा आहे. फिरवणाऱ्याला सांगा.

पायरी ६: पुढचे सहा महिने

बातमी विरली की सगळे पांगतात आणि खरं लांबलचक काम इथून सुरू होतं. आठवड्यातून एकदा तरी त्या पोराला भेटणं, बस. भेटायचं ठरवलं की भेटायचंच.

शाळा सुटलेली असेल तर दहावी-बारावी बाहेरून द्यायला फॉर्म नंबर १७ असतो, त्याची मुदत दरवर्षी निघते आणि लगेच संपते, म्हणून शाळेत जूनपासूनच विचारत राहा. आयटीआयला काही ट्रेड आठवी पासवर पण असतात. नोकरीत मोठी अडचण पोलीस व्हेरिफिकेशनची, केस नावावर असली की सिक्युरिटी, कुरिअर, कंपनी सगळीकडे दार बंद होतं. तिथे ओळखीचा गॅरेजवाला, केटरर, सुतार असे छोटे मालक कामी येतात. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, आणि पोरगा पहिल्या आठवड्यात दांडी मारणार हे पण सांगून ठेवा. कारण मारतोच, आणि तेव्हा मालकाने हाकलू नये म्हणून तुम्ही मध्ये पाहिजे.

घरात एकच पालक असेल किंवा घर संकटात असेल तर बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. धाकट्या भावासाठी हे नक्की करा. मोठ्याच्या मागे सगळे धावतात आणि धाकटा ते सगळं कोपऱ्यातून बघत असतो. व्यसन असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, बाकी शहरांत सरकारी दवाखान्यात विचारा. झोप लागत नाही, दचकतो, सारखं मरणाचं बोलतो असं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मार खाल्लेल्या पोराला आणि ज्या लहान मुलांनी ते डोळ्यांनी बघितलं त्यांना पण हे लागतं, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. लहान मुलासाठी काहीही अडलं तर १०९८, ही मुलांची हेल्पलाइन.

पायरी ७: सणांच्या आधी बसा

गणपतीच्या महिनाभर आधी सगळ्या मंडळांची पोरं एकत्र बसवा, मिरवणुकीचा क्रम, वेळ, कोण कुठल्या चौकात थांबणार, डीजे कधी बंद, हे आधीच ठरवा आणि प्रत्येक मंडळाचे दोन जण पिवळं टीशर्ट घालून मध्ये चालतील असं करा. भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध असलेल्यांनाच ती टीशर्टं द्या, जबाबदारी अंगावर पडली की बहुतेक जण सरळ वागतात, मी बघितलंय. रस्त्यात मध्यरात्री तलवारीने केक कापायचा प्रकार थांबवायचा असेल तर नुसतं नको म्हणून भागत नाही, वाढदिवसाला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, बॉक्स क्रिकेटचा टर्फ दोन तास बुक करून दिला तरी पोरं खुश असतात.

आणि शेवटचं, स्वतःबद्दल. एकटं जाऊ नका, रात्री निघताना घरी आणि टीममध्ये लोकेशन टाकून जा, कुणाचं हत्यार किंवा पैसे सांभाळायला कधीच घेऊ नका, भले पोरगा रडत म्हणाला की ताई फक्त आजची रात्र. रात्रीचा फोन आळीपाळीने ठेवा, आठवड्याला दोघं, म्हणजे कुणाचंच घर मोडणार नाही. नंबर एकच ठेवा, तो टपरीवर, आशाताईकडे, रिक्षा स्टँडवर आणि शाळेच्या शिपाईकाकांकडे लिहून द्या, आणि वाजला की उचला.